वॉल्टर हात वर करायचे

आमच्या इथल्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकात दरवर्षी कुणीतरी आपल्या कामाबद्दल लिहितं. या वर्षी अंक काढणाऱ्या शुभदाकाकूंनी मला विचारलं तेव्हा मला वाटलं, त्यांना दुसऱ्या कुणाला फोन करायचा होता आणि चुकून मला लागला. आजवर लिहिणारे सगळे डॉक्टर, इंजिनिअर, बँकेतले. मीही सध्या कॉलेजात आहे, पण पहिल्या वर्षाला, आणि वय चव्वेचाळीस. वर्गातली मुलं मला सर समजून माझ्यासाठी दार धरून ठेवतात. मी "थँक्यू" म्हणून मागच्या बाकावर जाऊन बसतो, तेव्हा त्यांचे चेहरे बघण्यासारखे होतात.

प्रवेशाच्या वेळी तिथल्या सल्लागार मुलीने विचारलं, आईवडिलांपैकी कुणी कॉलेजात गेलं होतं का? मी नाही म्हटलं. ती म्हणाली, "मग तुम्ही फर्स्ट जनरेशन. अभिनंदन!" बाबा असते तर म्हणाले असते, "ही पहिली पिढी, मग आम्ही काय आकाशातून पडलो?" बाबा इचलकरंजीत यंत्रमागावर जॉबर होते, म्हणजे माग बिघडला की तो चालू करून देणारे. आत्या इथे अमेरिकेत, नॅशव्हिलला नर्स होती, तिने आम्हाला इकडे आणलं. बाबा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात लागले आणि मी तेराव्या वर्षी अशा शाळेत, जिथे महादेव हे नाव कुणाला घेता येईना. मी डेव्ह झालो. घरी देवाच राहिलो.

गिटार मला आत्याच्या शेजाऱ्यांनी दिली. त्यांचा मुलगा सैन्यात गेला होता, गिटार पडून होती. त्यापुढची हकीकत मी गाळतो, कारण ती कुठल्याही वाजवणाऱ्याची असते तशीच आहे. वीस-बावीस वर्षं मी कंट्री संगीतात सेशन गिटारिस्ट होतो, एवढं पुरे.

सेशन गिटारिस्ट म्हणजे काय, हे मला मंडळाच्या प्रत्येक पिकनिकला सांगावं लागतं. रेकॉर्डवर नाव आणि फोटो गायकाचा असतो. मागे जे वाजतं ते आम्ही वाजवतो. सकाळी स्टुडिओत जायचं, गाणं पहिल्यांदा तिथेच ऐकायचं, आणि दुपारच्या आत ते असं वाजवायचं की जणू लहानपणापासून येतं. संध्याकाळी दुसऱ्या गायकाचं गाणं. आज गिटार, उद्या मँडोलिन, परवा बँजो. जे मागतील ते.

गाणं कागदावर आकड्यांत लिहिलेलं असतं. हे आपल्या लोकांना समजावणं सोपं आहे. आपण सा कुठल्याही पट्टीत धरला तरी पंचम पाचवाच असतो. तसंच इथे: एक, चार, पाच, परत एक. गायक म्हणाला, घसा बसलाय, पट्टी खाली घ्या, तर कागद तोच राहतो, फक्त 'एक' कुठे आहे ते बदलतं. पहिल्यांदा तो कागद पाहिला तेव्हा मी चक्रावलोच. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाचे पेटीवाले मामा इथे कुणी आणले, असं वाटलं.

या धंद्यात मी चकित होतच आलो. एकदा माझं वाजवणं असलेलं गाणं खूप चाललं. त्याचा व्हिडिओ टीव्हीवर येणार म्हणून आत्याकडे सगळे जमले. आईने पेढे केले. माझा गिटारचा तुकडा आला आणि पडद्यावर टोपीवाला, सोनेरी दाढीवाला एक माणूस डोळे मिटून तो वाजवताना दिसला. सगळे टीव्हीजवळ सरकले. शेवटी बाबा म्हणाले, "हा तू नाहीस की रे देवा." मी म्हटलं, वाजवलंय मीच, पण दाखवायला दुसरा घेतात. आई म्हणाली, "का? तू दिसायला वाईट आहेस का?" पेढे मात्र सगळ्यांनी खाल्ले.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते सांगतो. मला ते अजून नीट पचलेलं नाही, त्यामुळे पुढेमागे झालं तर सांभाळून घ्या.

मी ज्या स्टुडिओत सर्वांत जास्त काम केलं तो रिक नावाच्या माणसाचा होता. जुन्या पद्धतीचा, वाजवणाऱ्यांसाठी एकच मोठी खोली, गायकासाठी बाजूला छोटी काचेची खोली. सगळे एकत्र बसून वाजवतात, प्रत्येकापुढे आपला माईक आणि कानावर हेडफोन. हेडफोनमध्ये कुणाचा आवाज किती ऐकायचा ते ज्याचं त्याने ठरवायचं. मी स्वतःची गिटार अगदी बारीक ठेवायचो आणि पियानो मोठा. वाजवणारे हसायचे. पण मला माझं काय चाललंय ते बोटांतून कळतंच, ऐकायचं ते दुसऱ्याचं, अशी माझी समजूत होती.

तो पियानो वॉल्टर यांचा. सत्तरीच्या जवळ आलेले, केंटकीच्या डोंगरातले, शर्टाची गळ्याशी असलेली गुंडीसुद्धा लावणारे. पहिल्या दिवशी खोलीत सगळ्यांनी मला निरखून पाहिलं होतं. वॉल्टर बाकावर सरकले आणि म्हणाले, "इथे बस. इथून माझा डावा हात दिसतो. तो बघत राहिलास तर हरवणार नाहीस." मी तेव्हापासून तिथेच बसलो. आईला हे सांगितल्यापासून ती त्यांना वॉल्टरभाऊजी म्हणू लागली आणि माझ्याबरोबर शेंगदाण्याची चटणी पाठवू लागली. ते ती बिस्किटाला लावून खात.

त्या खोलीत एक रिवाज होता. वाजवताना कुणाचं चुकलं तर गाणं संपल्यावर तो हात वर करतो आणि "माझं" म्हणतो. बास. कुणी काही विचारत नाही, कुणी त्याच्याकडे बघतही नाही. सगळे पुन्हा पहिल्यापासून वाजवतात. एकत्र वाजवताना कुठेतरी दोन सूर एकमेकांवर आपटले तर नक्की कोण घसरलं हे इतरांना चटकन कळत नाही, म्हणून हा प्रामाणिकपणा. त्यावर ते काम चालतं.

गेल्या वर्षीच्या उन्हाळ्यापासून वॉल्टर हात वर करू लागले. आधी क्वचित, मग बऱ्याचदा. मलाही ऐकू यायचं, वेगाच्या जागी पियानो आणि गिटार किंचित फाटायचे, लगेच जुळायचे. गाणं संपलं की त्यांचा हात वर. "माझं. माफ करा, मंडळी." मला वाईट वाटायचं. इतक्या वर्षांत त्यांचा हात वर गेलेला मला फारसा आठवत नव्हता. घरी आईला म्हटलं, वॉल्टरभाऊजी थकले. ती म्हणाली, "अरे, मग त्यांना चटणीत लसूण जास्त घालून देते."

हिवाळ्याच्या शेवटी रिकने मला बाहेर बोलावलं. पुढच्या आठवड्यापासून एका मोठ्या गायिकेचा अख्खा अल्बम सुरू होणार होता. तो म्हणाला, "मी पियानोवर दुसरा माणूस घेतोय. वॉल्टरना आता जमत नाही. तूच त्यांच्या सर्वांत जवळ बसतोस. तुला ऐकू येतं ना?"

"येतं," मी म्हटलं.

"मग?"

"हळू सांग त्यांना. एकटं असताना सांग."

"उद्याचं गाणं शेवटचं. सकाळी लवकर बोलावून सांगतो," रिक म्हणाला.

उद्याचं गाणं म्हणजे बर्वेकाकांचं. हे काका नॉर्थ कॅरोलायनात मॉरिसव्हिलला असतात. सॉफ्टवेअरमधून निवृत्त झाले. रोज ऑफिसला ड्राइव्ह करताना रेडिओवर कंट्री ऐकून ऐकून त्यांनी त्या चालीची मराठी गाणी रचली. मंडळाच्या कुणाकडून तरी माझा नंबर मिळवला आणि एक गाणं रेकॉर्ड करायला काकूंसकट गाडी चालवत आले. गाणं साधं होतं. मुलगी घर सोडून कॉलेजला जाते आणि बाप रिकाम्या गॅरेजकडे बघतो. काकांचा आवाज बारीक होता, पण खरा होता.

काकांनी हट्ट धरला की ते काचेच्या खोलीत एकटे गाणार नाहीत. "अरे यार देवा, मी काय झूमधला प्राणी आहे? तुमच्यात बसून गातो. मैफिलीसारखं. इट्स ओके ना?"

"ओके आहे काका, पण टेक, म्हणजे रेकॉर्डिंग, चालू असताना गाण्याशिवाय एक शब्द बोलायचा नाही. सगळं माईकमध्ये जातं."

"डोन्ट वरी. मी सेन्सिबल माणूस आहे," काका म्हणाले. काकू काचेपलीकडे रिकशेजारी बसल्या होत्या, त्या हसल्या.

वाजवायला सुरुवात झाली. वॉल्टर नेहमीसारखे गळ्यापर्यंत गुंड्या लावून आलेले. चेहऱ्यावर काही नव्हतं. मला वाटलं, रिकने अजून सांगितलं नसेल. मला जरा बरंही वाटलं.

दुसऱ्या कडव्यानंतर माझा गिटारचा तुकडा होता, वरून खाली येणारी वेगवान सुरावट. ती संपते न संपते तोच बर्वेकाका हात उंचावून ओरडले, "वाऽऽ! क्या बात है!"

गाणं तसंच पुढे चालू राहिलं, कारण काका क्षणात पुन्हा गाऊ लागले, आणि त्या दिवसातलं सगळ्यांत चांगलं गायले. शेवटचा सूर विझला. वॉल्टरनी हात वर केला.

"माझं," ते म्हणाले. "गिटारच्या जागी मी घाई केली."

रिक म्हणाला, "पुन्हा घेऊ. आणि सर, मध्ये ते काय होतं?"

"दाद होती हो!" काका कळवळून म्हणाले. "चांगलं वाजलं तर आमच्यात गप्प बसणं उद्धटपणा असतो. तुम्ही लोक कसे बसता दगडासारखे?"

काचेपलीकडून काकूंचा आवाज आला, "म्हणूनच तुम्हाला कुणी ऑफिसच्या मीटिंगमध्ये बोलवत नसत!"

आणखी दोनदा गाऊन झालं, पण काकांचा गळा पुन्हा तसा लागेना. ते त्याच टेकसाठी अडून बसले. "तोच ठेवा. मुलीला तोच पाठवायचाय मला." रिकने मान डोलावली. काका-काकू डबा उघडून बसले, बाकीचे वाजवणारे गेले, वॉल्टर बाहेर आपल्या गाडीपाशी गेले. मी रिकजवळ थांबलो, कारण ती 'वा' कुठल्या कुठल्या माईकमध्ये शिरली आहे ते शोधून काढायचं होतं. त्यासाठी एकेका वाद्याचा आवाज बाकी सगळे बंद करून ऐकावा लागतो.

रिकने आधी पियानो लावला. एकटा. ती जागा आली. दूरवर अस्पष्ट 'वा' होती. पियानो मात्र काळाला खिळा ठोकावा तसा पक्का. घाई कुठेच नव्हती. रिकने भुवया उंचावल्या, पुन्हा लावून ऐकलं. पुन्हा तेच.

मग त्याने गिटार लावली.

माझी गिटार मी अशी उघडी, एकटी, बऱ्याच काळात ऐकली नव्हती. वरून खाली येणारी ती सुरावट सुरू झाली आणि मध्येच एक सूर आलाच नाही. म्हणजे आला, पण उशिरा, आणि मेलेला. डाव्या हाताच्या करंगळीशेजारचं बोट जिथे पडायला हवं तिथे. पुढच्या वेळी ते बोट यायला हवं तिथे पुन्हा तेच. आणि त्याच्या मागोमाग, मोठ्ठ्याने, काकांची "वाऽऽ!"

मी रिकला म्हटलं, "चुकीचा ट्रॅक आहे हा."

त्याने गेल्या महिन्यातलं दुसरं एक गाणं काढलं, वॉल्टरनी हात वर केला होता तो टेक. पियानो स्वच्छ. गिटार लंगडी. मग आणखी एक. मी उभा होतो, खाली बसलो. माझ्या हाताकडे बघितलं. बोट जागेवर होतं, दुखत नव्हतं, सुजलेलं नव्हतं. मी समोरच्या टेबलावर बोटं वाजवून पाहिली. चौथं बोट तळव्याकडे वळलं आणि तिथेच चिकटून राहिलं. मी त्याला सांगत होतो आणि ते ऐकत नव्हतं. हे कधीपासून असं करत होतं, आणि मला कसं कळलं नाही?

(पुढे डॉक्टरांनी सांगितलं की बोटात काहीच दोष नाही. एकच हालचाल वर्षानुवर्षं केली की कधी कधी मेंदूत बोटांच्या ज्या खुणा असतात त्या एकमेकांत मिसळतात. बऱ्याचदा स्वतःला ते उशिरा समजतं. मी म्हटलं, रियाज वाढवतो. ते म्हणाले, रियाजानेच वाढेल. आपल्याकडे लहानपणापासून जे शिकवतात त्याच्या नेमकं उलट वाक्य मी माझ्या कानाने ऐकलं. अजून खरं वाटत नाही.)

रिक एवढंच म्हणाला, "माय गॉड. मी त्यांना सकाळीच सांगितलं."

मला आधी कळलं नाही. "काय सांगितलंस?"

"की त्यांचं काम संपलं. सकाळी आल्या आल्या सांगितलं. ते 'ठीक आहे' म्हणाले आणि पियानोवर जाऊन बसले."

म्हणजे आपलं काम गेलंय हे माहीत असताना त्या माणसाने दुपारी पुन्हा हात वर केला होता. माझ्यासाठी.

मी बाहेर धावलो. वॉल्टर गाडीच्या दारात पाय बाहेर ठेवून बसले होते, कॉफी पीत. माझा चेहरा बघून त्यांनी कप खाली ठेवला.

"ऐकलंस वाटतं," ते म्हणाले.

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे?"

"उन्हाळ्यापासून. तू माझ्या डाव्या हाताकडे बघतोस, मी तुझ्या डाव्या हाताकडे बघतो. त्यात काय?"

"मग सांगितलं का नाही?"

"पहिल्यांदा वाटलं, दोन-चार दिवसांची गोष्ट आहे. हात आखडला असेल, बरा होईल. मग..." ते थांबले. "मग कसं सांगायचं ते मला येईना. तू वाजवताना एवढा खूश दिसायचास."

मला राग आला. खरंच आला, लिहिताना लाज वाटते, पण आला. "तुमचं काम गेलं ना वॉल्टर! रिकने मला विचारलं, तर मी हो म्हटलं, मी म्हटलं की तुमचंच चुकतंय!"

"मग बरोबर म्हणालास. मी हात वर केला होता." ते शांत होते. "हे बघ डेव्ह, म्हाताऱ्याची चूक लोक धरूनच चालतात. म्हणतात, वय झालं. तुझ्या चुकीला काय म्हटलं असतं? तू या खोलीत आलास तेव्हा किती जण तुझी चूक व्हायची वाट बघत होते, मला माहीत आहे. मी तिथेच बसलो होतो."

टीव्हीवरचा तो दाढीवाला, आईचा प्रश्न, पहिल्या दिवसाच्या त्या नजरा. इतकी वर्षं मला वाटत होतं की हे सगळं मला एकट्यालाच माहीत आहे.

रिक बाहेर आला होता. त्याने वॉल्टरसमोर उभं राहून टोपी काढली. मग म्हणाला, "सोमवारी याल का?"

वॉल्टरनी माझ्याकडे बघितलं, त्याच्याकडे नाही.

"येतील," मी म्हटलं.

एवढ्यात बर्वेकाका दारातून हाका मारत आले. रिकने त्यांना कसंबसं सांगितलं की गिटारचा तो तुकडा दुसऱ्याकडून पुन्हा वाजवून घेऊ, त्यात जरा दोष आहे. काका भडकले. "कसला दोष? तो जो सूर मागे रेंगाळतो ना, तिथेच तर मला ते रिकामं गॅरेज दिसलं! त्याला हात लावाल तर बघा! देवा, सांग यांना."

काकांच्या गाण्यात तो सूर आजही तसाच आहे. फक्त 'वा' पुसली.

आम्हा वाजवणाऱ्यांत खुर्ची सोडणाऱ्यानेच तिच्यावर कोण बसेल ते नाव द्यायचं असतं. कुणी शिकवलेलं नाही, पण तशीच पद्धत आहे. मी तिथेच गाडीला टेकून केसीला फोन लावला. केसी टेक्ससची, माझ्यापेक्षा बरीच लहान, आणि मी आजारी असलो की माझ्या जागी तिलाच बोलवायचो. तिला म्हटलं, सोमवारपासून रिककडे मोठा अल्बम आहे, मोकळी आहेस का?

"आहे. किती दिवस? तू कुठे निघालास?"

बदली जाणारी माणसं हे नेहमीच विचारतात, उत्तरही ठरलेलं असतं, आठवडा, दोन आठवडे. बदली आलेला माणूस आपलं स्टूलसुद्धा हलवत नाही, वर-खाली करत नाही. मूळ माणूस परत येणार असतो.

मी म्हटलं, "स्टूल तुझ्या उंचीला लावून घे."

ती समजली. मी तिला समजायला वेळ दिला, आणि मलाही तेव्हाच समजलं असावं. वॉल्टरनी गाडीतून हात बाहेर काढून माझं कोपर धरलं.

मग केसीने विचारलं, अगदी हळू, "पियानोवर कोण आहे?"

"वॉल्टर," मी म्हटलं. "वॉल्टरच आहेत."